राहुरी कृषी विद्यापीठात नेमकं कशावर संशोधन चालतं? कोणतं वाण कुठल्या केंद्राचं आणि बियाणं घेण्याआधी काय बघायचं? वाचा सविस्तर

सोयाबीनची बॅग घेताना बहुतेक जण दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "यंदा कोणतं चालू आहे?" तो म्हणतो, "केडीएस ७२६ न्या." आपण पैसे मोजतो आणि बॅग गाडीला लावतो. केडीएस म्हणजे काय, हे वाण कुणी तयार केलं, कुठल्या जमिनीत तपासलं, हे विचारायचं राहूनच जातं. खरं तर त्या तीन अक्षरांत एका गावाचा पत्ता आहे. कसबे डिग्रज, तालुका मिरज, जिल्हा सांगली. तिथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि 'कसबे डिग्रज सोयाबीन' यावरून केडीएस हे नाव पडलं.

वाण चुकलं तर खताने आणि फवारणीने ते भरून निघत नाही, हंगामच जातो. भारी जमिनीची ज्वारी मुरमाड रानात पेरली, तर डिसेंबरमध्ये ओल संपते आणि कणीस पोचट राहतं. त्यात दोष बियाण्याचाही नसतो आणि पावसाचाही नसतो, निवड चुकलेली असते. म्हणून या विद्यापीठाची केंद्रं कुठे आहेत, तिथे काय चालतं आणि आपल्याला त्याचा उपयोग कसा करून घेता येतो, हे एकदा नीट समजून घेऊ.

विद्यापीठ एकट्या राहुरीत नाही

राज्याचं पहिलं कृषी विद्यापीठ २९ मार्च १९६८ रोजी स्थापन झालं. महाराष्ट्र मोठा, हवामान जागोजागी वेगळं, त्यामुळे एका विद्यापीठाने भागेना. १९६९ मध्ये राहुरी आणि अकोला अशी दोन विद्यापीठं झाली, १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीची भर पडली. राहुरीकडे १० जिल्हे आहेत: अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक, धुळे, नंदुरबार आणि जळगाव.

आता या दहा जिल्ह्यांचा पाऊस बघा. इगतपुरीत भात पाण्यात उभा असतो, त्याच वेळी आपल्या कर्जत-जामखेडला लोक आभाळाकडे बघत असतात. एकाच जागी बसून या दोन्ही ठिकाणांसाठी वाण तयार करता येत नाही. म्हणून नगर-मनमाड रस्त्यावर दिसतो तो विद्यापीठाचा मुख्य परिसर, पण पिकांचं बरंचसं काम बाहेरच्या केंद्रांवर चालतं. यातली काही केंद्रं विद्यापीठापेक्षा कितीतरी जुनी आहेत. पुण्याचं कृषी महाविद्यालय १९०७ चं, पाडेगावचं ऊस केंद्र आणि निफाडचं गहू केंद्र १९३२ चं, सोलापूरचं कोरडवाहू केंद्र १९३३ चं. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने ती सुरू केली, पुढे ती विद्यापीठाकडे आली.

इथे एक गल्लत नेहमी होते. पुण्याजवळच्या मांजरीचं द्राक्ष केंद्र, राजगुरुनगरचं कांदा-लसूण केंद्र आणि सोलापूरचं डाळिंब केंद्र राहुरीची नाहीत. ती दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, म्हणजे केंद्र सरकारची आहेत. मांजरीचीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर कारखान्यांनी उभी केलेली संस्था आहे. काम सगळ्यांचंच उपयोगाचं, पण बेणं किंवा सल्ला मागायला जाताना दार कुणाचं ठोठावायचं हे माहीत असलं की एक खेप वाचते.

नावातच पत्ता असतो

वाणाचं नाव वाचायला शिकलं की निम्मं काम होतं. सोयाबीनचंच घ्या. केडीएस ७२६ म्हणजे फुले संगम, केडीएस ७५३ म्हणजे फुले किमया, दोन्ही कसबे डिग्रजची. एमएयूएस ७१ मधला एमएयू म्हणजे परभणीचं मराठवाडा विद्यापीठ. जेएस ३३५ हे मध्य प्रदेशातल्या जबलपूरचं. एमएसीएस हे नाव दिसलं तर ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं.

गव्हात एनआयएडब्ल्यू असेल तर एनआय म्हणजे निफाड. एनआयएडब्ल्यू ३०१ ला आपण त्र्यंबक म्हणतो, ९१७ ला तपोवन, १९९४ ला फुले समाधान. एचडी म्हणजे दिल्लीचा गहू. आणि वर्षानुवर्षं आपल्याकडे पेरला जाणारा लोक-१ हा गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचा आहे. कांद्याचं एन-२-४-१ निफाडचं, बसवंत ७८० पिंपळगाव बसवंतचं. भुईमुगाचं जेएल २४, म्हणजे फुले प्रगती, जळगावचं.

याचा अर्थ बाहेरचं वाण वाईट असा अजिबात नाही. जेएस ३३५ ने आपल्याकडे कितीतरी घरं चालवली. पण वाण कुठल्या पावसात आणि कुठल्या मातीत वाढलं हे कळलं, की आपल्या रानात ते कसं वागेल याचा अंदाज येतो.

पाडेगाव: उसाच्या नंबरामागची गोष्ट

सातारा जिल्ह्यात नीरा-लोणंद पट्ट्यात पाडेगाव आहे. मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र तिथेच. आज कारखान्याच्या गट ऑफिसात जे नंबर ऐकू येतात, ८६०३२, २६५, १०००१, ते सगळे या केंद्रातून शेतकऱ्यापर्यंत आले.

ऊस म्हणजे टिपरी लावायची, मग नवीन जात कशी तयार होते, हा प्रश्न रास्त आहे. टिपरीतून जो ऊस येतो तो आईसारखाच. नवीन जात हवी तर तुरा यायला हवा, त्यात बी भरायला हवं आणि दोन जातींचा संकर व्हायला हवा. आपल्याकडे तुरा आला तरी असं बी नीट भरत नाही. तमिळनाडूत कोईमतूरला मात्र हवामान जुळतं. १९१२ पासून तिथे ऊस पैदास संस्था आहे. संकर तिथे होतात, कापसासारखं बारीक बी पाडेगावला येतं, त्यापासून हजारो रोपं तयार होतात आणि त्यातून वर्षानुवर्षं निवड करत एखादंच टिकतं.

नंबरात हे सगळं लिहिलेलं असतं. को म्हणजे कोईमतूर. को ८६०३२ मधले ८६ हे साल, ०३२ हा त्या सालातला अनुक्रमांक. हीच जात महाराष्ट्रात 'नीरा' नावाने १९९६ मध्ये प्रसारित झाली. म्हणजे नंबर मिळाल्यापासून शेतात यायला दहा वर्षं, आणि संकर तर त्याही आधीचा. कोएम ०२६५ मध्ये एम म्हणजे महाराष्ट्र, साल २००२, अनुक्रमांक ६५. आपण त्यालाच फुले २६५ म्हणतो.

फुले २६५ बद्दल थोडं जास्त बोलायला हवं. नेवासा, राहुरी, श्रीरामपूर या कालव्याखालच्या पट्ट्यात पाणी जास्त झाल्याने कित्येक रानं चोपण झाली. तिथे दुसरा ऊस पिवळा पडतो, २६५ तग धरतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, तिन्ही हंगामांत चालतो. टनेज देतो, म्हणून शेतकऱ्याने तो डोक्यावर घेतला. काही कारखान्यांनी मात्र सुरुवातीला उताऱ्याचं कारण सांगून नोंद घ्यायला कुरकुर केली. शेतकऱ्याला टनावर पैसे, कारखान्याला साखरेवर नफा, हा तिढा संशोधन केंद्राने सोडवायचा नसतोच. पुढे आलेला फुले १०००१ लवकर पक्व होणारा आणि जास्त साखरेचा आहे, तो कारखान्यांनाही पटतो. पण चोपण रानात कोणता लावायचा याचं उत्तर माती तपासल्यावरच मिळतं.

आता पैशाचा विषय. "२६५ चं बेणं मिळेल" अशा पाट्या रस्त्याच्या कडेला भरपूर दिसतात. ते बेणं कितव्या पिढीचं, खोडव्याचं की लागणीचं, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. काणी आणि गवताळ वाढ हे दोन्ही रोग बेण्यातूनच पसरतात. पाडेगावला मूलभूत बेणं उष्ण हवेची प्रक्रिया करून तयार करतात. त्यापासून कारखान्याच्या किंवा शेतकऱ्याच्या रानात पायाभूत आणि त्यापुढे प्रमाणित बेणं वाढवतात. बेणं ९ ते ११ महिन्यांचं, लागणीचं असावं, खोडव्याचं नको. दर तीन-चार वर्षांनी बदलावं. दोन डोळ्यांची टिपरी हेक्टरी २५ हजार लागतात, म्हणजे एकरी साधारण १० हजार. (विद्यापीठाच्या सगळ्या शिफारशी हेक्टरात, आपला सगळा हिशोब एकरात. हेक्टरी आकड्याला अडीचने भागायचं, इतकं ध्यानात ठेवा. हे पुस्तिकेतच लिहिलं तर काय बिघडेल, कळत नाही.)

गुऱ्हाळवाल्यांसाठी कोल्हापूरला प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. गुळासाठी को ९२००५ ही जात तिथूनच पुढे आली.

ज्वारी: आधी रानाची खोली मोजा

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागासाठी सगळ्यात कामाचं संशोधन कोणतं असं कुणी विचारलं, तर आम्ही रब्बी ज्वारीचं नाव घेऊ. याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ केंद्रावर झाली. १९३० च्या दशकात तिथे स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ काढली गेली. भाकरीची चव आणि कडब्याची गोडी यांच्या बळावर ती आजही टिकून आहे. बाजारात आजही ज्वारीला "मालदांडी आहे का?" असंच विचारतात.

राहुरीच्या ज्वारी सुधार प्रकल्पाने पुढे एक महत्त्वाची गोष्ट केली. एकच वाण सगळीकडे पेरा असं न सांगता जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण वेगळे केले. रब्बी ज्वारी जगते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. रान खोल असेल तर ओल जास्त दिवस पुरते आणि उशिरा तयार होणारं वाण चालतं. रान उथळ असेल तर ओल संपायच्या आत पीक हाती यायला हवं.

म्हणून ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे वीतभर आणि वर चार बोटं एवढीच माती असेल तर फुले अनुराधा. ६० सेंटिमीटरपर्यंत मध्यम जमीन असेल तर फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१. फुले माउली हलक्या आणि मध्यम दोन्ही जमिनींत चालते. ६० सेंटिमीटरच्या पुढे काळी भारी जमीन असेल तर फुले वसुधा किंवा फुले यशोदा. एखादं-दोन पाणी देता येत असेल तर फुले रेवती. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान.

खोली कशी मोजायची? पहार किंवा फावडं घ्या, रानात तीन-चार जागी खड्डा करा, मुरूम कुठे लागतो ते बघा आणि टेपने मोजा. एकाच गटात वरच्या अंगाला वीतभर माती आणि ओढ्याकडे कमरेइतकी असं सर्रास असतं. अशा वेळी एका रानात दोन वाण पेरायला कुणी मनाई केलेली नाही.

हुरड्यासाठी फुले मधुर आणि फुले उत्तरा, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी अशी खास वाणंही आहेत. रस्त्याकडेला हुरडा पार्टी चालवणाऱ्यांनी यांची चौकशी जरूर करावी, कारण साध्या ज्वारीच्या हुरड्यात आणि यात फरक पडतो.

सोलापूरचं कोरडवाहू केंद्र वाणांपेक्षा ओल राखण्याचं काम करतं. आपले जुने लोक एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणायचे. तेच इथे शास्त्राने मोजून सांगितलं. ज्वारीला पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात अखंड पाशीच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. तिसरी कोळपणी तण काढण्यासाठी नसतेच. काळ्या रानाला तोपर्यंत भेगा पडतात आणि त्यातून ओल उडून जाते. दातेरी कोळप्याने त्या भेगा मातीने बुजतात. तिसरी कोळपणी आता बहुतेकांनी सोडली आहे, कारण बैल राहिले नाहीत. नुकसान मात्र होतंच.

हरभरा, गहू आणि मुद्दाम रोगट ठेवलेलं रान

विजय, दिग्विजय, विशाल, काबुलीत विराट, ही हरभऱ्याची नावं घरोघरी आहेत. ती राहुरीच्या कडधान्य सुधार प्रकल्पाची. फुले विक्रम हे उंच वाढणारं, घाटे जमिनीपासून वर धरणारं वाण. कशासाठी? हार्वेस्टरने काढता यावं म्हणून. मजूर मिळत नाहीत ही तक्रार संशोधनात अशी उतरते.

हरभऱ्याचा मोठा शत्रू मर रोग. त्याची बुरशी जमिनीत राहते. वाण मर सहन करतं की नाही हे तपासायला राहुरीत एक रान मुद्दाम रोगट ठेवलेलं आहे. आपण रोग जावा म्हणून धडपडतो, इथे शास्त्रज्ञ रोग टिकावा म्हणून काळजी घेतात. नवीन वाण त्या रानात पेरायचं. जे मरतं ते बाद, जे उभं राहतं ते पुढच्या परीक्षेला.

गव्हाचंही तसंच. निफाडला वाण तयार होतात, पण तांबेऱ्याची परीक्षा महाबळेश्वरला होते. फिरायला जाणाऱ्यांना माहीत नसतं, पण तिथे गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्याची बुरशी थंडीत वाढते, उन्हाळ्यात आपल्याकडे जगत नाही. दक्षिणेतल्या निलगिरीच्या डोंगरांवर ती टिकते आणि वाऱ्याबरोबर पुन्हा वर येते. महाबळेश्वरची थंड हवा या कामाला सोयीची. निफाडचं फुले समाधान वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतं, त्यामुळे ऊस किंवा कापूस निघायला उशीर झाला तरी पेरता येतं. फुले सात्विक बिस्किटांसाठी चांगला मानला जातो. पण बिस्किटाचा गहू म्हणून मोंढ्यात दोन पैसे जास्त मिळतील अशी व्यवस्था असल्याशिवाय शेतकरी त्याच्याकडे वळणार नाही.

मावळातल्या वडगाव केंद्राचा इंद्रायणी तांदूळ तर सांगायलाच नको. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा तो संकर. वास आजीचा, उत्पादन नातवाचं.

डाळिंब आणि गाय

पुण्यात गणेशखिंडीला फळबाग संशोधन केंद्र आहे. डॉ. जी. एस. चीमा यांनी तिथे १९३६ मध्ये आळंदी डाळिंबातून एक निवड केली. तीच पुढे 'गणेश' नावाने महाराष्ट्रभर पसरली. राहुरीने गणेश आणि रशियाकडच्या गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून पुढे मृदुला, आरक्ता आणि भगवा ही वाणं दिली. भगवाने दुष्काळी गावांत बंगले उभे केले हे खरं. पण जिकडे तिकडे एकच वाण झाल्यावर तेल्या आला तेव्हा बागाच्या बागा गेल्या हेही खरं. तेल्याला दाद न देणारं आणि भगवासारखं दिसणारं डाळिंब अजून शेतकऱ्याच्या हाती आलेलं नाही.

गाईंचं संशोधन राहुरीला १९७२ पासून आहे. तिथली फुले त्रिवेणी ही संकरित गाय: निम्मं होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर. होल्स्टीनचं दूध, जर्सीची फॅट आणि गीरची काटकता असा हिशोब त्यामागे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात देशी गाय संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे, तिथे गोपालकांची प्रशिक्षणं होतात.

राहुरीच्या प्रयोगशाळा

मुख्य परिसरात मृदा विज्ञान विभाग, राज्यस्तरीय जैवतंत्रज्ञान केंद्र, कीडनाशकांचा अंश तपासणारी प्रयोगशाळा आणि पाणी व्यवस्थापनाचा विभाग आहे. शेतकऱ्याला रोज लागणाऱ्या दोनच गोष्टी इथे सांगतो.

पहिली माती. माती परीक्षणाचा कागद घरोघरी आहे, तो वाचून खत देणारे थोडे. राहुरीच्या शास्त्रज्ञांनी पिकांसाठी समीकरणं तयार केली आहेत. तुमच्या मातीत काय आहे आणि तुम्हाला एकरी किती उत्पादन हवं आहे, हे घातलं की खत किती द्यायचं ते निघतं. सरसकट दोन-तीन गोण्या टाकण्यापेक्षा यात पैसे वाचतात. अट एकच, नमुना नीट घेतलेला हवा. एका रानात आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती खरवडून गोळा करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा, शेवटी अर्धा किलो ठेवा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नका.

दुसरी गोष्ट पाणी. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात राहुरीला हवामान अद्ययावत शेती व जल व्यवस्थापनाचं केंद्र उभं राहिलं. ड्रोन, सेन्सर यांवर तिथे काम झालं, पण आपल्या हातातल्या मोबाइलवर चालेल असं काम म्हणजे 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे ॲप. पीक, लागवडीची तारीख, जमीन आणि ठिबकची माहिती भरली की आज मोटर किती वेळ चालवायची ते सांगतं. रात्रीच्या लाइटीला उठून "चालू दे सकाळपर्यंत" म्हणणाऱ्यांनी एकदा वापरून बघावं. सुरुवातीला माहिती भरायला किचकट वाटतं. घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवा.

वाण बाजारात यायला एवढा वेळ का लागतो?

संकर झाल्यापासून वाण प्रसारित व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. आधी पिढ्यान्‌पिढ्या निवड, मग केंद्रावर चाचणी, मग वेगवेगळ्या जिल्ह्यांत एकाच वेळी चाचणी, मग शेतकऱ्याच्या रानात. त्यानंतर चारही विद्यापीठांची जी संयुक्त बैठक दरवर्षी भरते, जिला 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात, तिथे शास्त्रज्ञ आपली शिफारस मांडतात आणि बाकीचे ती फाडून बघतात. तिथे टिकलं तर प्रसार आणि मग राजपत्रात अधिसूचना. हे संथ आहे, यात वाद नाही. जागा रिक्त असल्या की आणखी संथ होतं. पण चार वर्षं चांगला पाऊस आणि एक वर्ष दुष्काळ, दोन्ही बघितल्याशिवाय वाण हातात देणं म्हणजे प्रयोग शेतकऱ्याच्या खिशावर करणं.

पिशवीवरची चिठ्ठी आणि घरचं बियाणं

वाण चांगलं असूनही बियाणं खोटं असू शकतं. त्यासाठी चिठ्ठीचा रंग बघा. पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी आणि सत्यप्रतला हिरवी चिठ्ठी असते. प्रमाणित बियाण्याची तपासणी राज्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. सत्यप्रत म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली हमी. विद्यापीठाकडचं बियाणं मोजकंच असतं आणि विक्री सुरू झाली की संपायला वेळ लागत नाही. त्यामुळे एक बॅग मिळाली तरी ती वेगळ्या रानात पेरा, भेसळ काढा आणि पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातून करा.

सोयाबीन, हरभरा आणि गहू या सरळ वाणांचं बियाणं घरी राखता येतं, दोन-तीन वर्षं चालतं. संकरित वाणाचं राखू नका, फसाल. घरचं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्याने दिलेला आहे. सोयाबीनचं साल पातळ, आपटलं की उगवण जाते. म्हणून पोती एकावर एक फार चढवू नका आणि पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापाने पेरा. कमी उगवले तर बियाणं त्या हिशोबाने वाढवा, फारच कमी असतील तर पेरू नका.

दुकानातून आणलेलं उगवलंच नाही तर? पिशवी उघडण्याआधी चिठ्ठीचा आणि पक्क्या बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिशवी वरून न फाडता खालून उसवा, म्हणजे शिलाईतली चिठ्ठी शाबूत राहते. मूठभर बियाणं पिशवीतच शिल्लक ठेवा. उगवण नाही हे दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती रानावर येऊन पंचनामा करते. त्या समितीत कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञही असतो. समिती येईपर्यंत दुबार पेरणीसाठी सगळं रान मोडू नका, निदान एक पट्टा तसाच राहू द्या.